बुलडोझरची प्रमाणबद्ध प्रतिकृती

बुलडोझरची प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणजे प्रत्यक्षातील बुलडोझरचे ठरावीक गुणोत्तराने लहान केलेले आणि सुट्या भागांच्या संचातून जोडून तयार केलेले रूप होय. हे संच प्रामुख्याने प्लास्टिकचे असतात. धातूच्या पट्ट्या-स्क्रूंचे, रेझिनचे आणि परस्परांत अडकणाऱ्या ठोकळ्यांचे संचही प्रचलित आहेत. विमान किंवा मोटारगाडीच्या प्रतिकृतीत बाह्य आवरणाला महत्त्व असते. बुलडोझरला असे आवरण जवळजवळ नसतेच. इंजिन, साखळीपट्टे, ढकलदांडे, नळ्या आणि तारदोर उघड्यावरच दिसत असल्याने जोडणीतील प्रत्येक चूक नजरेस पडते. या कारणाने प्रतिकृतीकारांमध्ये बुलडोझरचा संच अवघड मानला जातो.

मूळ यंत्र

'बुलडोझर' हा शब्द आरंभी संपूर्ण यंत्रासाठी नव्हे, तर ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या ढकलपात्यासाठी वापरला जात असे. साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरची यशस्वी चाचणी बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घेतली. ट्रॅक्टरला जोडायच्या पात्याची रचना जेम्स कमिंग्ज व जे. अर्ल मॅक्लाउड यांनी १९२३ मध्ये कॅन्सस राज्यात केली. होल्ट आणि सी. एल. बेस्ट यांच्या कंपन्यांच्या विलीनीकरणातून १९२५ मध्ये कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली. आज उपलब्ध असलेल्या बहुतेक प्रतिकृती याच कंपनीच्या यंत्रांच्या आहेत.

प्रतिकृती बांधणाऱ्याच्या दृष्टीने बुलडोझरचे दोन बाह्याकार लक्षात घ्यावे लागतात. जुन्या यंत्रांत पट्ट्याला गती देणारे दातेरी चाक मागील बाजूस जमिनीलगत असते आणि पट्टा लंबगोल दिसतो. कॅटरपिलरने १९७० च्या दशकाच्या अखेरीस डी१० या यंत्रात हे चाक वर उचलून बसवले. त्यामुळे पट्ट्याला त्रिकोणी आकार आला आणि अंतिम गतिसंच चिखल व दगडांच्या आघातांपासून दूर राहिला. त्रिकोणी पट्ट्याची जोडणी अधिक कठीण असते, कारण तीनही कोनांवर कड्यांना तीव्र वळण घ्यावे लागते आणि एक कडी जरी तिरकी चिकटली तरी पट्टा दातेरी चाकावर नीट बसत नाही.

मुंबईचा या यंत्राशी संबंध जुना आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन क्रिस्टियन टुब्रो या डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत भागीदारी सुरू केली. तिने १९४५ मध्ये कॅटरपिलरची माती हलवणारी यंत्रे विकण्याचा करार केला. महायुद्ध संपल्यावर लष्कराकडील शिल्लक यंत्रे स्वस्तात उपलब्ध झाली. मात्र ती घेण्याइतके भांडवल भागीदारांकडे नव्हते. हे भांडवल उभारण्याच्या निकडीतून ७ फेब्रुवारी १९४६ रोजी लार्सन अँड टुब्रो ही खासगी मर्यादित कंपनी स्थापन झाली. भारतात बुलडोझरचे उत्पादन पुढे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने हाती घेतले.

प्रमाण

प्रतिकृतीचे प्रमाण गुणोत्तराने दर्शवतात. बुलडोझरसाठी १:२५, १:३५, १:५० आणि १:७२ ही प्रमाणे अधिक आढळतात. १:५० हे प्रमाण मुख्यतः तयार धातूच्या प्रतिकृतींचे आहे. १:३५ हे लष्करी वाहनांचे प्रमाण होय. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचा संच काढताना आत विजेची मोटार व बॅटऱ्या मावाव्यात म्हणून हा आकार निवडला आणि पुढे तोच रूढ झाला. म्हणजे आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रमाणांपैकी एक गणिती सोयीतून नव्हे, तर बॅटरीच्या लांबी-रुंदीतून आलेले आहे.

प्रमाणाचा परिणाम जाडीवर सर्वाधिक जाणवतो. १:३५ मध्ये १.७० मीटर उंचीचा माणूस सुमारे ४९ मिलिमीटरचा होतो. १२ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा मात्र ०.३४ मिलिमीटरचा व्हायला हवा. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या भागाची जाडी बहुधा १ मिलिमीटरच्या आसपास असते आणि मूळ यंत्राच्या मापात ती ३५ मिलिमीटर भरते. म्हणून मडगार्ड, जाळ्या व इंजिनावरील पत्रे यांसाठी संचात कोरीव पितळी पत्र्याचे भाग दिलेले असतात, अथवा प्लास्टिकच्या कडा मागून तासून पातळ कराव्या लागतात. पात्याला हा नियम तितकासा लागू नाही, कारण मूळ पातेच जाडजूड असते.

उल्लेखनीय संच

अमेरिकेच्या एएमटी कंपनीचा १:२५ प्रमाणातील कॅटरपिलर डी८एच हा या प्रकारातील जुना व प्रसिद्ध संच आहे. त्याचे पुनर्मुद्रणासारखे नवे उत्पादनही नंतर झाले. जुन्या साच्यांमुळे भागांच्या कडांवर अतिरिक्त प्लास्टिक असते आणि सांधे भरावे लागतात, तरीही इंजिनाचा तपशील आणि मोठा आकार यांमुळे या संचाची मागणी टिकून आहे.

युक्रेनमधील मिनीआर्ट कंपनीने दुसऱ्या महायुद्धातील कॅटरपिलर डी७ ट्रॅक्टर व त्याच्या बुलडोझर आणि चिलखती आवृत्त्या १:३५ मध्ये काढल्या आहेत. मूळ डी७ चे डिझेल इंजिन सुरू करण्यासाठी शेजारी दोन सिलिंडरांचे एक छोटे पेट्रोल इंजिन असे. आधी ते चालू करून मग मोठे इंजिन फिरवले जाई. डी७ सारखी यंत्रे आसामातील लेडो येथून निघणाऱ्या आणि डिसेंबर १९४२ मध्ये काम सुरू झालेल्या लेडो रस्त्याच्या बांधणीसारख्या कामांवर वापरली गेली. भारतीय पार्श्वभूमीवर या संचाचा देखावा उभारायचा असल्यास तो प्रसंग ऐतिहासिक दृष्ट्या योग्य ठरतो.

चीनमधील मेंग मॉडेल कंपनीचा इस्रायली चिलखती डी९आर बुलडोझरचा १:३५ संच आकाराने मोठा असून त्याचा पट्टा त्रिकोणी आणि हलता आहे. ठोकळ्यांच्या संचांत लेगो टेक्निकचा २००७ मधील मोटारयुक्त बुलडोझर १,३८४ तुकड्यांचा होता. २०२१ मध्ये आलेला कॅट डी११ हा संच ३,८५४ तुकड्यांचा आहे. ठोकळ्यांच्या संचात गोंद व रंग लागत नाही. तेथील अडचण क्रमाची असते: आतील गिअर उलटा बसला, तर तो दुरुस्त करण्यासाठी शेकडो तुकडे पुन्हा सोडवावे लागतात.

बांधणी

प्लास्टिक संचातील भाग चौकटीला जोडलेले येतात. ते कातरीने तोडून, तोडलेल्या जागा पॉलिश पेपरने घासून आणि कोरडे जुळवून पाहिल्यानंतरच चिकटवतात. प्लास्टिकसाठीचा द्रवरूप सिमेंट दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून त्यांना एकजीव करतो. पितळ, रेझिन व धातू यांना तो चालत नाही. त्यांच्यासाठी झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद वापरतात.

बुलडोझरच्या बांधणीत सर्वांत निर्णायक टप्पा चौकटीचा असतो. दोन्ही बाजूंच्या पट्टाचौकटी परस्परांना समांतर आणि एकाच पातळीत नसतील, तर प्रतिकृती एका कोपऱ्यावर डुलते. हा दोष नंतर कोणत्याही उपायाने लपत नाही. अनुभवी प्रतिकृतीकार चौकट काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून गोंद वाळू देतात आणि खालचे सर्व रूळ काचेला टेकतात की नाही हे कागदाची पट्टी सरकवून तपासतात.

पट्टा हा संचाचा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे, यावर बहुतेकांचे एकमत असते. बुलडोझरच्या पट्ट्याची एक कडी म्हणजे साखळीचे दोन दुवे आणि त्यांवर बसणारी, आडवी धार असलेली एक पट्टी. सुट्या कड्यांच्या संचात हे भाग दोन्ही बाजूंसाठी प्रत्येक कडीगणिक जोडावे लागतात. त्यासाठी पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांचा एक साधा साचा करून घेतल्यास सर्व कड्या सारख्या होतात. कडीचा हलणारा सांधा गोंदाच्या एका जास्तीच्या थेंबाने कायमचा जाम होतो. म्हणून गोंद ब्रशने न लावता तारेच्या टोकाने लावतात. हंगेरीच्या फ्रिउलमॉडेलसारख्या कंपन्यांचे पांढऱ्या धातूचे पट्टे हा दुसरा पर्याय आहे. त्यांच्या वजनामुळे पट्टा नैसर्गिकपणे बसतो.

येथे रणगाड्याच्या सवयीतून होणारी एक सार्वत्रिक चूक नोंदवण्याजोगी आहे. अनेक रणगाड्यांचा वरचा पट्टा चाकांवर ठळकपणे झोके घेतो. बुलडोझरचा पट्टा पुढील चाकामागच्या ताण यंत्रणेने तणावात ठेवलेला असतो आणि आधाररुळांवर तो अगदी थोडाच लोंबतो. लोंबता पट्टा दाखवलेली प्रतिकृती जाणकाराला दुरूनच चुकीची वाटते.

जुन्या बुलडोझरांचे पाते द्रवदाबावर नव्हे, तर तारदोरावर उचलले जाई. आर. जी. लटूर्नो यांच्या तारदोर नियंत्रण यंत्रणेत मागील ढोलावरून निघालेला दोर कप्प्यांवरून पुढे येऊन पाते वर खेचत असे. १४ मिलिमीटरचा दोर १:३५ मध्ये ०.४ मिलिमीटरचा होतो. सुती दोऱ्याला तंतू सुटतात आणि ते या प्रमाणात दोरखंडाएवढे दिसतात. म्हणून बारीक तांब्याच्या तारा पीळ घालून वापरणे अधिक चांगले. दोर कप्प्यांतून ओवण्याचा मार्ग आधी कागदावर काढून घ्यावा लागतो. शिवाय उचललेल्या पात्याचा दोर ताणलेला आणि जमिनीवर टेकलेल्या पात्याचा किंचित सैल, हा फरक दाखवावा लागतो. पाते हवेत, पण दोर सैल अशी प्रतिकृती यंत्रशास्त्रालाच विसंगत ठरते.

रंगकाम आणि झीज

कॅटरपिलरची आरंभीची यंत्रे करड्या रंगाची असत. १९३१ मध्ये कंपनीने रस्त्यावर दुरून दिसणारा पिवळा रंग स्वीकारला आणि १९७९ मध्ये त्याची छटा बदलली. त्यामुळे डी८एच वर अलीकडची छटा लावणे हा कालविपर्यास ठरतो. महायुद्धातील लष्करी यंत्रे सहसा गडद हिरवट तपकिरी होती. पिवळ्या रंगाची झाकण्याची शक्ती कमी असते. तो थेट गडद प्लास्टिकवर मारल्यास हिरवट वा मळकट दिसतो. म्हणून खाली पांढरा किंवा फिका गुलाबी थर देतात.

कामावरचा बुलडोझर नवा फार काळ राहत नाही. झीज दाखवण्यासाठी आधी गंजाचा रंग, त्यावर केसांवर फवारण्याचा स्प्रे आणि त्यावर पिवळा रंग मारतात. मग पाणी लावून ब्रशने घासल्यास वरचा थर कपचे निघाल्यासारखा सुटतो. या तंत्राचा अतिरेक हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष होय. रोज चालणाऱ्या यंत्राचे पाते गंजत नाही. मातीच्या घर्षणाने त्याचा खालचा भाग चांदीसारखा चकाकतो. गंज साचतो तो पात्याच्या मागील बाजूस, धुराड्यावर आणि माणसाचा हात वा माती न पोचणाऱ्या खाचांत. यंत्र काही आठवडे उभे राहिले असेल तरच पात्यावर नारिंगी गंज चढतो. यंत्र चालू आहे की बंद पडलेले, हे रंगवण्यापूर्वीच ठरवावे लागते ते यासाठी.

मुंबईसारख्या दमट हवेत या कामाला आणखी काही अडथळे येतात. पावसाळ्यात लॅकर वर्गातील रंग फवारल्यास हवेतील बाष्पामुळे पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते. जलविद्राव्य रंग वाळण्यास जास्त वेळ घेतात. फवाऱ्याच्या हवादाब यंत्रात पाणी साठते आणि जलरोधक सापळा नसेल तर ते थेंबांच्या रूपाने रंगावर पडते. सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद मात्र बाष्पामुळेच घट्ट होतो आणि दमट हवेत अपेक्षेपेक्षा लवकर पकडतो. त्यामुळे जोडणी पावसाळ्यात आणि रंगकाम हिवाळ्यात, असा क्रम येथे सोयीचा पडतो. लहान घरात द्रावकांची वाफ साठू नये म्हणून खिडकीजवळ काम करणे आणि मुखपट्टी वापरणे आवश्यक असते.

देवनार कचराभूमीचा देखावा

प्रतिकृती नुसती न ठेवता तिच्याभोवती कामाची जागा उभारल्यास त्याला देखावा म्हणतात. मुंबई उपनगर जिल्ह्यात बुलडोझर वर्षानुवर्षे चालत आलेले सर्वांत परिचित ठिकाण म्हणजे देवनारची कचराभूमी होय. १८९६ च्या प्लेगनंतर शहरातील कचरा दूर नेण्यासाठी नगरपालिकेने चेंबूरजवळची खाडीकाठची दलदलीची जमीन घेतली आणि १८९९ पासून तेथे रेल्वेने कचरा जाऊ लागला. महापालिकेच्या नोंदींत देवनार कचराभूमीचे वर्ष १९२७ असे दिले जाते. सुमारे १३० हेक्टरांवर पसरलेल्या या भूमीवरील ढिगांची उंची काही ठिकाणी ३० मीटरहून अधिक झाली.

कचऱ्यावर चालण्यासाठी साखळीपट्ट्याचे यंत्र उपयुक्त ठरते, कारण त्याचे वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते आणि मऊ, खोल भरावात ते रुतत नाही. डम्परने ओतलेला ढीग पातळ थरांत पसरणे, त्यावरून फिरून तो दाबणे आणि वर माती वा राडारोडा टाकणे हे त्याचे काम. घनकचऱ्याविषयीच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांत रोज किमान १० सेंटिमीटर मातीचा वा राडारोड्याचा थर आणि पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटिमीटरचा थर सांगितला होता. अतिवृष्टीच्या भागात जड दाबयंत्रे चालत नसतील तर पर्यायी उपाय करावेत, असेही त्यांत होते. १:३५ मध्ये रोजचा थर ३ मिलिमीटरांपेक्षाही कमी आणि पावसाळ्यापूर्वीचा थर ११ ते १९ मिलिमीटर भरतो. देखाव्याच्या कापलेल्या कडेवर कचरा व माती यांचे असे आलटून पालटून थर दाखवता येतात. ३५ मीटर उंचीचा संपूर्ण ढीग मात्र १ मीटर उंच होईल. अर्थात देखाव्यात त्याचा एखादा उतारच मावतो.

कचराभूमीवर वापरण्यासाठी सज्ज केलेल्या बुलडोझरला काही खास भाग असतात. हलका कचरा पात्यावरून उडून मागे पडू नये म्हणून पात्यावर जाळीची उंच चौकट असते. पोटाखाली व इंजिनाभोवती संरक्षक पत्रे असतात. चिकटलेला कचरा बाहेर ढकलला जावा म्हणून पट्ट्याच्या पट्ट्यांना मधोमध छिद्रे असतात आणि रेडिएटर तुंबू नये म्हणून बारीक जाळ्या बसवतात. सर्वसाधारण संचात हे भाग नसतात. ते प्लास्टिकच्या पत्र्यातून व पितळी जाळीतून स्वतः बनवावे लागतात. प्रत्येक कडीला छिद्र पाडणे हे त्यांतील सर्वांत वेळखाऊ काम होय.

जमिनीचा रंग कोकणातील जांभ्याच्या तांबड्या मातीसारखा दाखवणे येथे चुकीचे ठरेल. खाडीचा चिखल करडा-काळा असतो आणि कुजलेल्या कचऱ्याचा थर गडद तपकिरी. अर्धा मिलिमीटरचा वाळूचा कण १:३५ मध्ये १७ मिलिमीटरच्या खडीएवढा दिसत असल्याने वाळूऐवजी बारीक चाळलेली माती किंवा रंगद्रव्याची पूड वापरतात. प्लास्टिकच्या पिशव्या हा या देखाव्याचा न सुटणारा प्रश्न आहे. ५० मायक्रॉन जाडीची पिशवी प्रमाणात दीड मायक्रॉनपेक्षाही पातळ व्हायला हवी आणि स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइलही त्याहून कित्येक पट जाड असते. रंगवलेल्या अत्यंत पातळ कागदाचे चुरगळलेले तुकडे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

माणसांवाचून हा देखावा अपुरा राहतो. डम्पर रिकामा होणे आणि बुलडोझरने तो कचरा लोटणे यांमधल्या थोड्या अवधीत प्लास्टिक, धातू, काच वेचून कचरावेचकांच्या पिढ्यांनी येथे उदरनिर्वाह केला आहे. सौम्या रॉय यांच्या 'माउंटन टेल्स' या २०२१ मधील इंग्रजी पुस्तकाचा तोच विषय आहे. बुलडोझरच्या चालकाला इंजिनाच्या झाकणापुढचा आणि पात्यालगतचा भाग दिसत नाही. वर जाळीची चौकट असेल तर दृष्टी आणखी अडते. यंत्राच्या सर्वांत जवळ जो पोचतो त्याला सर्वाधिक माल मिळतो, पण चालकाला तोच सर्वांत कमी दिसतो. देखाव्यातल्या ४९ मिलिमीटरच्या आकृती पात्यापासून किती अंतरावर ठेवायच्या, हा म्हणून केवळ रचनेचा प्रश्न राहत नाही. संचांत मिळणाऱ्या आकृती बहुधा सैनिकांच्या किंवा युरोपीय कामगारांच्या असतात. साडी, ओढणी, पाठीवरचे पोते आणि हातातली आकडी इपॉक्सी पुट्टीतून घडवावी लागते.

प्रसंगाचा काळही निश्चित करावा लागतो. कचरा कुजताना निर्माण होणाऱ्या मिथेनमुळे येथे आगी लागत असत. जानेवारी २०१६ च्या अखेरीस लागलेल्या मोठ्या आगीचा धूर अनेक दिवस टिकला, परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि मार्चमध्ये पुन्हा आग लागली. त्यानंतर कचराभूमीवरील पहारा व प्रवेशबंदी कडक झाली. म्हणून २०१६ पूर्वीच्या देखाव्यात वेचणाऱ्यांची गर्दी आणि नंतरच्या देखाव्यात भिंत व पहारेकरी दाखवणे वस्तुस्थितीला धरून होईल. येथील सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हटवण्याची योजना महापालिकेने हाती घेतली आहे. ती पूर्ण झाल्यास हा भूभाग छायाचित्रांवरूनच उभा करावा लागेल.

भारतातील उपलब्धता

बुलडोझरचे प्लास्टिक संच भारतात बहुतांशी आयात होतात. आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृती ९५०३ या खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. या शीर्षकावरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. शिवाय खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. हा आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना लागू आहे. प्रौढांसाठीचा संच आणि मुलाचे खेळणे यांतील सीमारेषा त्यामुळे महत्त्वाची ठरते. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण देणे हा शुल्कवाढीचा हेतू होता. ज्या संचांना देशी पर्यायच नाही त्यांच्या ग्राहकांना मात्र तिचा भार तसाच सोसावा लागतो.

हत्यारांच्या बाबतीत ही अडचण नाही. सुईसारख्या कानशी, बारीक ड्रिल, चिमटे, पॉलिश पेपर हे साहित्य मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात मिळते. विद्यार्थ्यांसाठी धातूच्या छिद्रयुक्त पट्ट्यांचे भारतीय बनावटीचे संच स्वस्त असून त्यांतून ढकलपाते वर-खाली होणारा साधा बुलडोझर बांधता येतो. पट्ट्यांचा तपशील त्यात नसतो, परंतु तरफ, कप्पी आणि गिअर यांची कार्ये त्यात अधिक स्पष्टपणे दिसतात.